पाठीवरच्या टाचण्या

नाटक कंपनीत मी कपडेपट सांभाळते. कामामुळे आणि जिभेमुळे सगळे मला टाचणी म्हणतात, आणि मला त्याचं काही वाईट वाटत नाही. आमच्यात एक सोपी युक्ती असते. कोट नटाला सैल झाला तर उसवत बसायचं नाही. पाठीवर चुण्या घेऊन टाचण्या मारायच्या. प्रेक्षक समोर बसतो, त्याला पाठ कोण दाखवतंय!

नवरा गेल्यापासून मी दादाकडे राहते. दादा बँकेत कॅशियर. माणूस वाईट नाही, पण आश्रिताच्या ताटात पडलेला घास घशाखाली लवकर उतरत नाही. म्हणून मी पै पै जोडली, तीही दादाच्याच बँकेत, आणि एक खोली ठरवली. छोटीशी, पण किल्ली माझी. त्याच आठवड्यात बँक बुडणार असल्याची कुजबुज सुरू झाली.

"तू पैसे काढायला येऊ नकोस हं," दादा सकाळी बूट घालताना म्हणाला. "कॅशियरची सख्खी बहीणच काढतेय म्हटल्यावर लोक काय समजतील? झाकली मूठ सव्वा लाखाची."

"मूठ तुझ्या साहेबाची, दादा. लाख माझे आहेत."

"माझी नोकरी जाईल, कळतंय का तुला?"

वहिनी आतून ऐकत होतीच. मी दुपारपर्यंत घरात येरझाऱ्या घातल्या आणि शेवटी पासबुक पिशवीत टाकून निघाले. कष्ट माझे, मग परवानगी कुणाची मागायची?

मला वाटलं होतं, बँकेत हाणामारी चालू असेल. पाहते तर काय, पैसे भरणाऱ्यांची रांग पार दारापर्यंत! छान इस्त्रीचे कपडे, हातात नोटांची पुडकी, चेहऱ्यावर हसू. "अफवांवर विश्वास ठेवतात ते मूर्ख!" त्यांच्यातला एक जण खणखणीत आवाजात म्हणाला. पैसे काढायच्या रांगेतली माणसं खाली माना घालून एकेक करून सटकत होती. मलाही मेल्याहून मेल्यासारखं झालं. भावावर अविश्वास दाखवला म्हणून स्वतःलाच शिव्या घालत मी परत फिरले.

दाराशी जाऊन मागे वळून पाहिलं म्हणूनच रांगेची पाठ दिसली. समोरच्या तपकिरी कोटाला खांद्यापासून कमरेपर्यंत टाचण्या लावलेल्या होत्या. माझ्या टाचण्या! कोर्टाच्या प्रवेशासाठी मीच मारलेल्या. कोटाच्या आत आमचे न्यायाधीश होते. जन्मभर तीच भूमिका केली म्हणून त्यांना सगळे तसंच हाक मारतात. भाचीच्या लग्नाला जायचंय म्हणून त्यांनी कोट उसना नेला होता.

"काय न्यायाधीश, लग्न इथेच लागतंय वाटतं?"

त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "हळू बोल गं. उभं राहायचे पैसे देतायत. इथे भरायचे, मागच्या दाराने तेच परत घ्यायचे, पुन्हा रांगेत यायचं. आपल्याला काय करायचंय?"

"आपल्याला? अहो, त्या पेटीत माझी खोली आहे!"

माझं डोकं असं फिरलं की आवाज आवरला नाही. साहेब धावतच आला आणि मला गोडीगुलाबीने केबिनमध्ये घेऊन गेला. चहा मागवला, पंखा वाढवला. "ताई, तुम्ही तर घरच्याच. तुमची रक्कम आत्ता इथेच देतो. मागच्या दाराने शांतपणे जा, म्हणजे झालं."

खोटं कशाला बोलू, मी लगेच नाही म्हटलं नाही. माझे पैसे, माझी किल्ली, दादाची नोकरीही शाबूत. घ्यावेत आणि सुटावं. मग काचेतून आमच्या गल्लीतल्या निवृत्त नर्सबाई दिसल्या. पैसे काढायची स्लिप चुरगाळून त्या पर्समध्ये कोंबत होत्या. त्यांना लाज वाटत होती. स्वतःचे पैसे मागायची लाज! माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

"त्या दाराने तुमचे न्यायाधीश जातात, साहेब. मी पुढच्या दाराने आले, पुढच्याच दाराने जाईन."

बाहेर येऊन मी नर्सबाईंचा हात धरला, त्यांना खिडकीशी नेलं आणि मागे उभी राहिले.

"रोकड संपली," दादा मान वर न करता म्हणाला. "उद्या या."

"दादा, सकाळपासून इतकी माणसं पैसे भरतायत. ते गेले कुठे?"

दादा पावत्या चाळू लागला. मी न्यायाधीशांना खांद्याला धरलं आणि सगळ्या बँकेसमोर गर्रकन फिरवलं. "बघा ही पाठ! कोट आमच्या नाटकाचा, माणूस आमच्या नाटकाचा, आणि पैसे तुमचे!"

एकच गलका झाला. गेलेली माणसं परत आत घुसली. "खिडकी बंद करा!" साहेब ओरडला. दादाने खिडकीकडे पाहिलं, मग शेजारी पडलेल्या, नुकत्याच भरलेल्या पुडक्यांकडे. त्याने एक पुडकं ओढलं, फोडलं आणि नर्सबाईंचे पैसे मोजले. मग माझे.

"उद्यापासून येऊ नकोस तू," साहेब दात ओठ खात त्याला म्हणाला.

दादाने माझे पैसे पुढे सरकवले. "मोजून घे."

"घेतेच. आणि तुझे?"

"सगळे इथेच आहेत," तो म्हणाला. त्याचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता. मग तो उठला, ड्रॉवरची किल्ली साहेबाच्या हातात दिली आणि बाहेर येऊन रांगेच्या पार शेवटी उभा राहिला. त्याला कुणी पुढे घेतलं नाही. मीही कुणाला तसं सांगितलं नाही. रांग आता रस्त्यापर्यंत गेली होती आणि हलायला तयार नव्हती. रिकाम्या खुर्चीत शेवटी साहेबाला स्वतः बसावं लागलं.