डबीतला कचरा

मी एक हार्ड डिस्क बोलतेय. कॉम्प्युटरच्या पोटात बसवलेली नव्हे, बाहेरून वायरीने जोडायची, खिशात मावणारी. टेबलाच्या सगळ्यात खालच्या खणात, जुन्या वायरी आणि एका कानाने बंद पडलेला हेडफोन यांच्या सोबतीला मी पडून आहे. या घरात मला कोणी हार्ड डिस्क म्हणत नसे. माझं नाव होतं डबी. हल्ली ते नाव कोणी घेत नाही, आणि त्याला कारणही तसंच आहे.

आमच्या जातीचं गुपित आधी सांगते. माझ्या पोटात एक चकचकीत तबकडी आहे. ती गरगर फिरते आणि तिच्यावरून एक बारीकसा हात वाचत, लिहीत जातो. हात आणि तबकडी यांच्यात केसाच्या जाडीएवढंही अंतर नसतं. तेवढ्या फटीत आमचा सगळा संसार! हे लोकांना दिसलं असतं, तर मला उचलताना त्यांनी श्वास रोखून धरला असता. पण बाहेरून मी दिसते साबणाच्या वडीसारखी, आणि मला वागवलंही जातं तसंच.

दुकानात मला घ्यायला एक जोडपं आलं होतं. काका साउंड रेकॉर्डिस्ट होते; नोकरीतून नुकतेच मोकळे झालेले. बाई अंध मुलांच्या शाळेसाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करायच्या. मुलं त्यांना बाई म्हणायची, म्हणून मीही बाईच म्हणते.

काउंटरवरच्या मुलीने शहाण्यासारखे प्रश्न विचारले. कशासाठी हवी, किती ठेवायचं, ने-आण होणार का. सगळं ऐकून तिने माझ्या शेजारची एक सडपातळ डिस्क पुढे केली.

“ही घ्या काका. हिच्या आत काही फिरतच नाही. पडली-झडली तरी सहसा काही होत नाही.”

“आणि ही?” काकांनी मला उचललं.

“हिच्यात त्याच पैशांत दुप्पट मावेल. पण हिला जपावं लागतं.”

“अहो, ती म्हणतेय तर तीच घ्या ना,” बाई म्हणाल्या.

“तिच्यात माझा कचरा नाही मावायचा.”

मुलगी गोंधळली. बाई हसत सुटल्या. “ह्यांना काही टाकवत नाही गं. माझी शिंकसुद्धा जपून ठेवतात.”

झालं, मी ठरले. मला खोक्यात घालता घालता ती मुलगी म्हणाली, “कुठलीही घ्या, पण सगळं दोन ठिकाणी ठेवा हं. एकीवर विसंबू नका.” काकांनी मान हलवली. डॉक्टर रोज चालायला सांगतात तेव्हा माणसं हलवतात, तशी. मलाही त्या मुलीचा रागच आला होता. नवी होते, स्वतःला भारी समजत होते.

त्यांचं रेकॉर्डिंग चाले ते झोपायच्या खोलीतल्या कपाटात. खरंच कपाटात! दारं उघडी टाकून आत सगळे जाड कोट, स्वेटर टांगलेले असत. त्यांच्या मधोमध माईक, आणि बाई स्टुलावर बसून कपाटात तोंड घालून वाचत. आवाज घुमू नये म्हणून हा खटाटोप. शेजारीण एकदा काहीतरी परत द्यायला आली आणि ते दृश्य बघून तशीच मागे फिरली.

फ्रीज घुंघुं करतो म्हणून तो बंद करायचा. मग तो परत सुरू करायचा विसरू नये म्हणून काका घराच्या किल्ल्या फ्रीजमध्ये ठेवत. किल्ल्यांशिवाय बाहेर पडता येत नाही, म्हणजे फ्रीजची आठवण झालीच पाहिजे. नोकरीतली जुनी युक्ती. बाई म्हणायच्या, “आपलं घर जगावेगळंच. इथे भाजी तापते आणि किल्ल्या गारठतात.”

वाचताना चुकलं की बाई पेन्सिलीने स्टुलावर दोनदा ठोकत. टक् टक्. म्हणजे ‘चुकलं, मागच्या वाक्यापासून पुन्हा घेऊ’. काका पडद्यावर ते दोन टोकदार उंचवटे बघून नेमकी ती जागा काढत आणि चुकलेलं कापून टाकत. एरवी दोघांचं चहात साखर किती यावरूनही वाजायचं, पण पेन्सिल वाजली की वाद नाही. चूक मान्य, पुढे चला.

कापलेला तुकडा मात्र काका फेकत नसत. माझ्यात त्यांनी एक वेगळा फोल्डर केला होता. नाव: कचरा.

त्या कचऱ्यात काय नव्हतं! बाईंचा खोकला. मधेच आलेलं हसू. “अहो, पंखा!” अशी हाक. भूगोलाच्या एका धड्यात ओळीने चार परदेशी नद्यांची नावं अडली, तेव्हा त्यांनी त्या नद्यांना घातलेल्या शिव्या. लेकीचा नोकरी लागल्याचा फोन आला, तेव्हा माईक सुरू आहे हे विसरून केलेला आरडाओरडा. आणि एक तुकडा असा, की बाई अडखळतात, पेन्सिल ठोकतात आणि म्हणतात, “आता हेही ठेवणार का? वेडे आहात झालं.” काका तो अधूनमधून एकटेच ऐकायचे. मला ठाऊक आहे, कारण वाचून मीच देत होते.

तयार पुस्तकं शाळेच्या ग्रंथालयात जात. तिथे त्यांच्या दोन-दोन प्रती होत. कचरा तेवढा फक्त माझ्याकडे. कचऱ्याची प्रत कोण करतो?

लेक दुसऱ्या गावी राहायची. ती फोनवर विचारायची, “बाबा, सगळं आणखी कुठे ठेवलंयत ना?” काकांचं उत्तर ठरलेलं, “डबीत आहे ना!” घरात तो शब्दच होऊन बसला होता. किराण्याची यादी हरवली तरी काका म्हणत, “डबीत ठेवायला हवी होती.” मी फुशारून जायचे. माझ्यात ठेवलं म्हणजे सुखरूप, असं मलाही वाटायला लागलं होतं. माझ्यासारख्या फिरत्या तबकडीचा चार-पाच वर्षांच्या पुढे भरवसा धरू नये, हे मी कुणाच्या कानावर घालणार होते?

अशी वर्षं जात होती. पाचव्या वर्षी काकांचा पाय वायरीत अडकून मी टेबलावरून खाली आले. चालू असताना. त्यांनी मला झडप घालून उचललं. लगेच मला जोडून दोन-तीन फायली उघडून बघितल्या. उघडल्या. “काही झालं नाही,” ते म्हणाले आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. झालं होतं. तबकडीच्या कडेला एक ओरखडा आला होता. पण मीही सगळं ठीक असल्यासारखी वागले. त्याचा पस्तावा मला आजही होतो.

सहाव्या वर्षी बाईंचा आवाज बसला. आधी सर्दी समजून काढे झाले, वाफारे झाले. आवाज काही सुटेना. मग तपासण्या झाल्या. घशात गाठ होती. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल, आवाज राहणार नाही. ऑपरेशनला पंधरा दिवस होते.

घरी येऊन बाईंनी चपला काढल्या आणि पहिलं वाक्य बोलल्या, “इतिहासाचं पुस्तक अर्धं राहिलंय. मुलांची परीक्षा आहे.”

“राहू दे गं आता.”

“राहू दे काय? तुम्ही फ्रीज बंद करा.”

मग सुरू झालं रोजचं वाचन. आवाज घोगरा, मधेमधे पाणी प्यायचं, तरी बाई दिवसाला एकेक धडा उरकत होत्या. काका कापाकापी करून संध्याकाळी तो शाळेला पाठवत. कचरा रोज वाढत होता आणि माझ्यातच साठत होता. “तुझा सगळा कचरा एकापुढे एक लावून देतो,” काका म्हणाले. “ऑपरेशन होऊ दे, मग निवांत बसू.”

आणि नेमकी तेव्हाच मी टकटकायला लागले.

ओरखडा पसरत होता. माझा हात त्या जागी अडकायचा, मागे यायचा, पुन्हा जायचा. टक्. टक्. फार बारीक आवाज. दुसऱ्या कुणाच्या लक्षातही आला नसता. पण काकांचे कान ते! दोन खोल्या पलीकडचा गळका नळ त्यांना ऐकू यायचा. पहिल्याच दिवशी त्यांनी हेडफोन काढून माझ्याकडे पाहिलं.

“डबी वाजतेय,” ते म्हणाले.

मला वाटलं, सुटले. आता हे सगळं दुसरीकडे उतरवून घेतील. एक दुपार पुरली असती. मी उरलीसुरली ताकद लावून द्यायला तयार होते.

पण काका आयुष्यभर एकच काम करत आले होते. नको तो आवाज आला की तो काढून टाकायचा. त्यांनी मला उचललं, टॉवेलात गुंडाळलं, वर उशी ठेवली. माईकमध्ये माझी टकटक यायची थांबली. ज्या ओळींत ती आधीच शिरली होती, त्या त्यांनी घासूनपुसून स्वच्छ केल्या. रात्रंदिवस राबून डोळे सुजले होते, तरी एकेक टक् निवडून काढली. इतकं सुरेख काम त्यांनी नोकरीतही केलं नसेल. मी सांगत होते आणि ते पुसत होते.

त्या टॉवेलात मी तापले. शेवटचा धडा झाला त्या दिवशी माझ्या अंगाला हात लावणं कठीण होतं. बाईंनी पुस्तक मिटलं, पेन्सिल ठेवली आणि माईककडे बघून म्हणाल्या, “चला, संपलं. आता भूक लागली.” माझ्यात उतरलेलं त्यांचं शेवटचं वाक्य ते. धड्यात बसत नव्हतं, म्हणून कापून कचऱ्यात गेलं.

ऑपरेशन नीट झालं. तीन आठवड्यांनी बाई घरी आल्या. गळ्याला पट्टी, हातात पुसता येणारी छोटी पाटी. काकांनी हौसेने इतिहासाचं पुस्तक लावलं. शाळेने परत पाठवलेली प्रत होती. बाईंनी जरा वेळ ऐकलं आणि पाटीवर लिहिलं, ‘हा पुस्तकाचा आवाज आहे. माझा ऐकवा. कचरा लावा.’

काकांनी मला जोडलं.

टक्. टक्. टक्. टक्.

पडद्यावर काहीच उमटलं नाही. त्यांनी वायर बदलली. कॉम्प्युटर बंद करून सुरू केला. मला कानाशी धरलं. मी जीव तोडून फिरत होते, पण त्या फिरण्यानेच तबकडी आणखी खरवडली जात होती. देऊ बघत होते तेच मी नासवत होते. यापेक्षा मुकाट पडून राहिले असते तर निदान काहीतरी वाचलं असतं.

दुरुस्तीवाल्याने मला उघडून पाहिलं. महिनाभर ठेवून घेतलं आणि परत देताना तो एवढंच म्हणाला, “काका, ही वाजत असणार हो आधी. आवाज आला नाही का?”

काकांनी मला उचलून खिशात घातलं. एखाद्या साउंड रेकॉर्डिस्टला विचारू नये असा तो प्रश्न होता.

लेकीने आपल्या फोनमध्ये आईचा आवाज शोधशोध शोधला. आईचे तीन निरोप सापडले. ‘पोचलीस का?’ ‘फोन कर.’ ‘बरं, ठेवते.’ सगळे मिळून अकरा सेकंद. सहा वर्षांच्या बडबडीतून एवढंच हाती लागलं.

दुरुस्तीवाल्याकडून आल्यावर मला टेबलावर ठेवून काका बाईंच्या समोर बसले. म्हणाले, “मला ऐकू येत होतं गं. पहिल्या दिवसापासून. मी नुसता पुसत बसलो.” आणि म्हातारा माणूस लहान मुलासारखा हमसून हमसून रडायला लागला.

बाईंनी पाटी घेतली. काहीतरी लिहायला गेल्या, पुसलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा पुसलं. मग त्यांनी पाटी बाजूला सारली, पेन्सिल उचलली आणि टेबलावर दोनदा ठोकली.

टक् टक्.

काकांनी मान वर केली. या घरात त्या आवाजावर वाद नसतो.

दुसऱ्या दिवशी कपाटाची दारं उघडली. शाळेकडून पुढचं पुस्तक आलं होतं. आता कपाटात तोंड घालून काका बसतात आणि बाई हेडफोन लावून पेन्सिल घेऊन. काका फार वाईट वाचतात. पेन्सिल सारखी वाजते. कॉम्प्युटरला आता दोन डिस्क जोडलेल्या असतात, दुकानातल्या मुलीने दाखवली होती तसल्या, सडपातळ, गप्प. रोज संध्याकाळी बाई पाटी उचलून दाखवतात, ‘तुमचा कचरा दोन्हीकडे ठेवलात?’ काका ठेवतात, मगच फ्रीजमधून किल्ल्या काढतात.

मी खणातून हे सगळं ऐकते. मला कोणी फेकून दिलं नाही. काकांना काही टाकवत नाही ना! मधूनच कधी बाई घरात नसल्या की ते खण उघडतात, मला तळहातावर घेतात आणि अंगठ्याने माझी पाठ पुसतात. जोडत मात्र नाहीत.

वाचणाऱ्या माणसा, तुझ्याही घरात माझी एखादी बहीण असेल. तिच्यात काय आहे, ते आणखी कुठे आहे का, हे आज बघ. आणि ती वाजायला लागली, तर तिला टॉवेलात गुंडाळू नकोस. सगळं टाकून आधी तिचं ऐक.

माझ्या पोटात कुठेतरी, त्या ओरखड्यांच्या खाली, बाई अजून म्हणतायत, “चला, संपलं. आता भूक लागली.” मला ते पाठ आहे. पण ऐकवता येत नाही.