पाण्याला अर्धा तास

श्यामसुंदर परचुऱ्यांकडे बासष्ट पानांची वही होती आणि बोलायला पाच मिनिटं.

खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी गडांवरच्या पाण्याच्या टाक्यांचा अभ्यास सुरू केला होता. कातळ कसा फोडला, गाळ कुठे बसवला, सगळं वहीत. गडावर पोचलं की कडेकपारी पदभ्रमण मंडळाला ते टाक्यांशेजारी बसवून सगळं सांगत. दिवाळीनंतर एकदा सांगता सांगता सव्वा तास झाला, शेवटची एसटी गेली आणि बावीस माणसं टेंपोत कांद्याच्या पोत्यांवर बसून पुण्याला आली. लगोलग अध्यक्ष हेमाताईंनी ठराव मांडला: ‘ऐतिहासिक माहिती, कमाल पाच मिनिटे.’ ठराव एकमताने मंजूर झाला. परचुऱ्यांचाही हात वर होता. चहा कोणाकोणाला, असं विचारतायत अशी त्यांची समजूत झाली होती.

आता पुढचा गड जुन्नरकडचा, आणि त्यावर अकरा टाकी. म्हणजे टाक्यामागे सत्तावीस सेकंद. परचुऱ्यांनी घरी घड्याळ लावून पाहिलं. सत्तावीस सेकंदांत त्यांचा घसासुद्धा साफ होत नव्हता.

रविवारच्या सभेचा विषय मात्र वेगळा होता. गेल्या सहलीत सात जणांची पोटं बिघडली होती, तेव्हा गडावरचं पाणी शुद्ध कसं करायचं ते ठरवायचं होतं.

“उकळा,” विमलाबाई म्हणाल्या. मंडळाचा स्वयंपाक त्यांच्याकडे, आणि जगातल्या बहुतेक प्रश्नांवर त्यांचं हेच उत्तर असे.

“अहो, माणशी दोन लिटर म्हणजे चव्वेचाळीस लिटर,” हेमाताई म्हणाल्या. “सिलिंडर कोण चढवणार?”

विमलाबाईंनी अभिनवकडे पाहिलं. अभिनव हडपसरच्या आयटी पार्कात दिवसभर खुर्चीत बसून काम करायचा. तो घाईघाईने खिशातून एक पेन काढून म्हणाला, “यूव्ही पेन घेऊ ना, जंतू मारणारा दिवा असतो यात! बाटलीत घालायचा, नव्वद सेकंद ढवळायचं, डन.”

नव्वद सेकंद! परचुऱ्यांनी मनात हिशेब केला. पाच मिनिटं तरी होती, आता तीही जाणार.

“आणि पाणी गढूळ असलं तर?” त्यांनी विचारलं.

“मग... क्लिअर पाणी घ्यायचं, काका.”

“एप्रिलमध्ये? टाक्यातून? गढूळ पाण्यात त्या पेनाचा उजेड पोचत नाही बाळा. आणि एकेक लिटर करत चव्वेचाळीस वेळा ढवळणार कोण?”

अभिनवने पेन खिशात ठेवला.

“पण मला एक सांगा,” विमलाबाई म्हणाल्या, “आपण आठ वर्षं क्लोरीनचे थेंब घालतोय. फडक्याने गाळायचं, थेंब टाकायचे. कोणाला कधी काही झालं नाही. मग या खेपेलाच काय झालं?”

हेमाताईंनी चष्मा लावून थेंबांची बाटली वाचली. “थेंब टाकल्यावर अर्धा तास थांबावे.” त्यांनी वर पाहिलं. “आपण थांबायचो का हो अर्धा तास?”

“थांबायचो नाही,” अभिनव म्हणाला. “थांबवले जायचो.”

आठ वर्षं थेंब पडायचे, मग परचुरे उभे राहायचे, आणि बसलेली मंडळी पाण्यापर्यंत पोचेस्तोवर जंतूंचा निकाल लागलेला असायचा. गेल्या सहलीत परचुरे पाचव्या मिनिटाला खाली बसले होते, आणि सहाव्या मिनिटाला सगळे पाणी प्यायले होते.

सगळ्यांच्या नजरा परचुऱ्यांकडे वळल्या. परचुरे पंख्याकडे पाहत होते.

“अहो परचुरे,” हेमाताई म्हणाल्या, “जुन्नरला जरा...”

“मला पाच मिनिटांचं बंधन आहे. ठराव झालाय.”

“तो मागे घेऊ.”

“एकमताने झाला होता.”

“मग मागेही एकमताने घेऊ. पण अर्धाच तास हं! एसटी पाचची आहे.”

हात वर झाले. विमलाबाईंनी, परचुऱ्यांचा मागचा अनुभव लक्षात घेऊन, हात वर करण्याआधी हे चहाबद्दल आहे का ते विचारून घेतलं.

जुन्नरच्या गडावर मंडळ साडेअकराला पोचलं. पाणी फडक्याने गाळलं, थेंब पडले, बाटल्या कातळावर ओळीने लागल्या. सगळे घड्याळाकडे पाहत सावलीत बसले. परचुरे कातळात आत खोदलेल्या, ऊन न पोचणाऱ्या टाक्याच्या काठावर ओणवे झाले आणि त्यांनी मनगटापर्यंत हात पाण्यात घातला. बराच वेळ ठेवला.

“हेमाताई,” ते म्हणाले, “थेंबांच्या बाटलीवरची दुसरी ओळ वाचता का? अगदी बारीक अक्षरात आहे.”

हेमाताईंनी चष्मा लावला. वाचलं. मग स्वतः उठून टाक्यात बोट घातलं आणि झटकन काढलं.

“काय लिहिलंय?” अभिनवने विचारलं.

“पाणी फार थंड असल्यास,” हेमाताई खोल गेलेल्या आवाजात म्हणाल्या, “वेळ दुप्पट.”

परचुऱ्यांनी हात पुसले, घसा सावकाश साफ केला आणि वहीचं पहिलं पान उघडलं.