खुर्ची चढ चढते

थोरलीला चाकांच्या खुर्चीचा फारसा त्रास नव्हता. त्रास होता तो मागून ऐकू येणाऱ्या धापेचा. उभी हयात दारोदार टपाल वाटत हिंडलेली बाई. पाय गेले तेही तिने कुरकुर न करता सोसलं. पण मैत्रिणीचं शिवणाचं दुकान चढावर होतं. तिथे गप्पांना जायचं म्हणजे धाकट्या जावेने खुर्ची ढकलायची, आणि तिची धाप ऐकून थोरलीचा जीव अर्धा व्हायचा. शेवटी तिने जाणंच सोडलं. "गप्पांत आता राम नाही," म्हणाली.

धाकटी पंपांच्या, पंख्यांच्या जळलेल्या मोटारी दुरुस्त करायची. ती काय ते समजली. तिने भंगारातून गाड्यांच्या वायपरच्या दोन मोटारी आणल्या, साखळीने चाकांना जोडल्या, खाली बॅटरी ठेवली. सपाटीवर खुर्ची झोकात पळाली. चढ मात्र अर्धाच झाला आणि मोटारी गुरगुरून थांबल्या. जळका वास सुटला. धाकटीने पळत येऊन मागून खांदा लावला.

"माझं मेलीचं वजनच जास्त," थोरली पुटपुटली.

"वजनाचं काय घेऊन बसलात, ताई! तुम्हाला वर न्यायला लागते तेवढी ऊर्जा बॅटरीत आहे. मी ती घाईने मागितली, तिथे चुकलं. भरभर चढायचं तर मोटारीत दम जास्त हवा. सावकाश गेलं तर याच मोटारी चढवतील."

"किती सावकाश?"

"मागचे लोक पुढे निघून जातील."

"जाऊ देत की! मला कुठे गाडी पकडायचीय?"

धाकटीने मोटारींवरची दातेरी चाकं काढून लहान बसवली. सुट्टीच्या दिवशी दोघी पुन्हा निघाल्या. काठी टेकणारे एक आजोबासुद्धा पुढे गेले. "मागे बांधून घेऊ का?" त्यांनी विचारलं, तशी थोरली खळखळून हसली. अर्धा चढ आला तेव्हा मात्र तिने श्वास रोखला. मोटारी एका सुरात घुमत राहिल्या.

शेजारून चालणारी धाकटी म्हणाली, "हातांचं काय करू तेच कळेना."

"दे इकडे," म्हणत थोरलीने तिचा हात धरला.

दुकानाच्या दारात मैत्रीण कात्री घेऊनच बाहेर आली. "कुठे उलथली होतीस गं इतके दिवस?"

"तू जा घरी," थोरली जावेला म्हणाली. "मला वेळ लागेल. खूप बोलायचंय."