आत्ताच का

"हे सगळं पुढच्या वर्षी केलं तर?" हरिश्चंद्र शेठनी कागद मिटत विचारलं आणि नविन माझ्याकडे बघायला लागला.

बघणारच. सल्ले माझे होते. मी डहाणूत लग्नांचे व्हिडिओ काढतो. त्याआधी तीन वर्षं मुंबईत एका जाहिरातवाल्याकडे दिवे उचलले, तेवढ्या भांडवलावर उंटावरून शेळ्या हाकतो. नविन माझा कॅमेरावाला. त्याला आपल्या आईवर फिल्म करायची होती. चिमीबाई धवलेरी, तलासरीकडच्या पाड्यांवर गाणी म्हणून लग्नं लावणाऱ्या. मी त्याला पढवलं होतं: गोष्ट दोन मिनिटांत सांग. शेठच्या चिकूवाडीचं कौतुक कर. आईला सोबत ने, माणूस समोर असला की देणारा हात सैल सोडतो. आणि 'आत्ताच का' याचं उत्तर तयार ठेव, पैसे लावणारा तिथेच अडतो.

उत्तर त्याच्याकडे होतं. महिन्यापूर्वी आईच्या तपासण्यांचा निकाल आला, तो आम्हा दोघांनाच ठाऊक होता. तिला त्याने अशक्तपणा सांगितला होता. आईला समोर बसवून तेच उत्तर द्यावं लागेल, हे माझ्या टाळक्यात आलंच नाही.

चिमीबाई खुर्ची असूनही खाली बसल्या होत्या. मी म्हटलं, शेठ, जरा बाहेर बोलू. शेठ हसले. "आईसमोर काय लपवायचं?"

नविन फरशीकडे बघत म्हणाला, "पुढच्या वर्षी आई नसंल, शेठ."

शेठ गडबडले. आतून चहा मागवला, आणि सवयीने बोलून गेले, दिवाळीनंतर बघू.

परतताना मीही त्यांच्यासोबत जीपमध्ये बसलो. नविन तोंड फिरवून रडत होता. चिमीबाईंनी मला विचारलं, "डाक्तर किती दिस बोलला?"

खोटं बोलायची ताकद माझ्यात नव्हती. "दिवाळीच्या आत."

त्या बोटांवर काहीतरी मोजत राहिल्या.

"सात लग्नांना हो बोललेय मी. दिवाळीनंतरची हायत सगळी. त्यांना सांगाय पायजे, दुसरी धवलेरी बघा म्हणून." त्यांनी नविनच्या पाठीवर हात ठेवला. "फोन लाव. आधी चैत्याला लाव, त्याच्या पोरीचं लगीन सगळ्यात पयलं हाय."

चारोटी नाका येईपर्यंत तीन घरांना सांगून झालं होतं.