बसायचं काम

आमच्या घरात ‘बसणं’ हा आरोप आहे. ‘काय बसलीयेस?’ असं कुणी म्हणायचा अवकाश, आई उठते. दिवसभर लाँड्रीत उभ्याने इस्त्री करते, घरी येऊन ओट्याशी उभी राहते. तिला गुडघे आहेत हे आम्हाला ते दुखायला लागल्यावर कळलं.

त्यामुळे चित्रकार काकाने, “वहिनी, सुट्टीच्या दिवशी चित्रासाठी बसाल का?” असं विचारल्यावर आईने आधी बाबांकडे पाहिलं.

“बसायचं काम आहे, दादा,” काका म्हणाला.

काम म्हटल्यावर बाबांना हरकत घेता येईना.

काका काळा रंग वापरत नाही. सावलीलाही रंग असतो म्हणे. त्याने आईच्या गालावर हिरवे फटकारे मारले, कपाळावर पिवळे, डोळ्यांखाली जांभळे.

“हिला कावीळ झालीय का रे?” आजीने विचारलं.

बाबा जांभळ्यापाशी अडकले. “लोक म्हणतील, मी हात उचलतो!”

“थकव्याची सावली आहे ती, दादा.”

“मग खाली तसं लिही.”

आईला चित्राशी घेणंदेणं नव्हतं. खुर्ची मात्र आवडली होती. “इतक्यात संपायला नको गं,” ती मला हळूच म्हणाली.

आणि आज काका म्हणाला, “झालं. फक्त सही राहिली.”

“भावजी, कान राहिला,” आई घाईने म्हणाली.

“या पद्धतीत कान सुचवायचा असतो, वहिनी.”

“मला नाही सुचत. काढा.”

काकाने कान काढला.

“आता दुसरा.”

“तो पलीकडे आहे. दिसत नाही.”

“मी वळते की!”

तेवढ्यात आतून बाबा ओरडले, “संपलं का बसणं? माझ्या शर्टाचं बटण तुटलंय!”

आई खुर्चीच्या काठावर आली. गुडघ्यांवर हात ठेवून उठायची तयारी करू लागली.

काकाने तिच्याकडे पाहिलं, मग चित्राकडे. चिंधी टर्पेंटाइनमध्ये बुडवली आणि कपाळापासून हनुवटीपर्यंत सगळा चेहरा पुसून टाकला. हिरवा, पिवळा, जांभळा मिळून राखाडी चिखल झाला. खरं सांगायचं तर पहिल्यांदाच हुबेहूब आई दिसली.

“बिघडलं, वहिनी. पुन्हा पहिल्यापासून.”

“काय हो भावजी, किती वेळ खाता माझा!” आई म्हणाली, आणि पाठीमागची उशी सारखी करून निवांत रेलली.