चौदा की तेवीस

तोयामा शहरातल्या पाच रुग्णालयांतून झोपेच्या तपासणीचे अहवाल पाच तऱ्हांनी निघत. झोपेत श्वास उथळ झाला की रक्तातला प्राणवायू उतरतो. तो तीन टक्के उतरला तरी कुणी मोजे. कुणी चार टक्के उतरल्याशिवाय दखलच घेत नसे. एकच माणूस एका दारात आजारी, दुसऱ्या दारात ठणठणीत. म्हणून एकच नमुना ठरवायची बैठक होती, आणि डॉक्टर साएको मिनागावाचं सकाळपासून कशातच लक्ष लागत नव्हतं.

तसं बैठकीत ठरायचं काही उरलं नव्हतं. अध्यक्ष हिरानुमा आधीच खोलीखोलीत चहा पीत फिरले होते आणि एकेकाचा होकार घेऊन आले होते: चार टक्के. असा होकार दिलेला माणूस बैठकीत तोंड उघडत नाही. साएकोनेही दिला होता. तिच्या दादाची, तेत्सुजीची, तपासणी तिच्याच विभागात झाली होती. चार टक्क्यांच्या रीतीने त्याचा आकडा, म्हणजे तासाला श्वास किती वेळा उथळ होतो तो, चौदा येत होता, तीनच्या रीतीने तेवीस. तो ओसाकाची लांब पल्ल्याची बस चालवी. आकडा वीसच्या वर गेला की कंपनी चालकाला बसवरून उतरवी.

दुपारी तो रुग्णालयासमोरच्या सोबा शेवयांच्या दुकानात भेटला.

"काय गं डॉक्टरीणबाई, पास की नापास?"

"अहवाल निघायचाय अजून."

"तुझ्याच हातात आहे की. दादासाठी एवढं तर..."

बोलता बोलता त्याची मान कलली. काड्यांवरचा सोबा पुन्हा वाटीत घसरला.

"दादा."

"झोपलो नव्हतो. चव घेत होतो."

"डोळे मिटून?"

"उघडे ठेवून कोण घेतं?"

तो हसला. तिने आपली वाटी बाजूला सारली.

बैठकीत तिने पेन दहादा उघडलं, मिटलं. "मग सर्वांची संमती," असं म्हणत हिरानुमा कागद आवरू लागले.

"सर, थोडं बोलायचं होतं."

शेजारच्या डॉक्टरांनी तिच्याकडे न बघता चष्मा पुसायला घेतला.

"मिनागावा, आपलं बोलणं झालं होतं ना?" हिरानुमांनी हळूच विचारलं.

"झालं होतं. मी हो म्हटलं, ते चुकलं. चारचाच आकडा छापला तर मधली माणसं निरोगी म्हणून सुटतील. दोन्ही आकडे छापू या, कसे मोजले ते लिहून."

"बसकंपन्या मोठाच धरतील."

"धरू देत."

"म्हणजे मला पुन्हा दारोदार चहा पिणं आलं," हिरानुमा म्हणाले आणि बैठक उठली.

पुढच्या आठवड्यात दोन्ही आकड्यांचा नमुना मंजूर झाला. साएकोने तेत्सुजीला स्वतः फोन केला आणि दोन्ही आकडे सांगितले.

"चौदाच सांगायचा होतास," तो म्हणाला.

"श्वासाला हवा देणारा मास्क लावून झोप. तीन महिन्यांनी पुन्हा मोजू."

"आणि तोवर माझी बस?"

"दुसरं कुणीतरी चालवेल."

त्याने फोन ठेवला. चार दिवस तिचा एकही फोन त्याने उचलला नाही. पाचव्या दिवशी मास्क नेताना त्याने तिच्या विभागाच्या खिडकीवर सही केली. आत ती बसली होती हे त्याला ठाऊक होतं, पण त्याने तिकडे पाहिलं नाही.