कांद्यांचं निमित्त

वल्हांडणाचा सण संपला, की दुसऱ्याच दिवशी सकाळी यरूशाकाकूच्या घरातले कांदे हटकून संपायचे. घरामागे कांद्याचा अख्खा वाफा असलेली बाई, पण ओढणीखाली वाडगं लपवून वेशीबाहेर अरीशतच्या दारात हजर! मागोमाग आणखी चारपाच जणी यायच्या. कुणाला मीठ हवं असायचं, कुणाला शेळीची तब्येत विचारायची असायची. इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या की यरूशाकाकू आभाळाकडे बघत म्हणायची, “बरं, आलेच आहे तर... एवढासा गोळा असेल का गं?”

गोळा म्हणजे आंबवलेल्या पिठाचा, खमिराचा. पूर्वज गुलामीतून घाईनं निघाले, तेव्हा पीठ फुगायलाही वेळ मिळाला नव्हता; त्याची आठवण म्हणून सणाचे सात दिवस अबेल-तेना गावातल्या एकाही घरात खमिराचा कण चालत नसे. सगळं आधीच वेशीवरच्या आगीत जायचं आणि मग आठवडाभर सगळे चपट्या, कोरड्या भाकरी चावत बसायचे. पुढे नवं पीठ आंबवावं, तर या डोंगरातल्या गारठ्यात त्याला बुडबुडा यायलाही कितीतरी दिवस लागायचे. अरीशत मात्र समुद्रकाठच्या सिदोन शहरातली, परक्या देवांची. तिचा व्यापारी नवरा या वाटेवरच तापानं गेला आणि ती इथंच राहिली. गावाचा नियम तिला लागू नव्हता, त्यामुळे तिचं मडकं सणातही मजेत फसफसत असायचं. नियमही पाळला जायचा आणि भाकरीही फुगायची. पुरुषमंडळी देवाचे आभार मानून ती भाकरी हाणायची. पीठ कुठून आलं, हे विचारायची बुद्धी त्यांना कधी झाली नाही.

ते खमीर अरीशतच्या आईचं होतं. लग्न होऊन निघताना आईनं फडक्यात बांधून दिलेलं, आणि हिनं रोज मूठभर पीठ घालून जगवलेलं. आई गेल्याचा निरोप आला, तेव्हा ती त्या मडक्याशी बसूनच रडली होती.

पण सणाची संध्याकाळ आली की अरीशतला घर खायला उठायचं. गावातली दारं लागायची, भाजलेल्या कोकराचा वास वेशीपर्यंत यायचा, आतून हसणं ऐकू यायचं. ज्यांच्या घरी माणसं थोडी, ते शेजाऱ्यांत मिळून एक कोकरू खायचे. हिला शेजारच नव्हता. या हिवाळ्यात ती तापानं फणफणली, तेव्हा होगलामावशी उशाशी येऊन बसली. मावशी म्हातारी, एकटी, जिभेनं तिखट. त्या आजारपणात अरीशतच्या मनानं घेतलं, की यंदा आपण दाराच्या आत बसायचं.

“ये की,” मावशी म्हणाली. “अख्खं कोकरू मला कुठं संपतंय? दात तरी कुठं उरलेत? पण आधी शम्मायला विचार.”

शम्मायकाका म्हणजे यरूशाकाकूचा नवरा, गावचा वडीलधारा. तो घरासमोर अंजिराखाली बसला होता.

“तुझ्या देवांचं काय?” त्यानं विचारलं.

“एक मातीची देवी आणली होती, काका. दुसऱ्याच वर्षी शेळीनं पाडली. मला तिची आठवणसुद्धा झाली नाही. ताप चढला तेव्हा मी तुमच्याच देवाला हाका मारल्या.”

“त्या कशा मारायच्या, ते कुणी शिकवलं?”

“मावशी उशाशी बसून त्याच्याशी भांडत होती. ती म्हणेल तसं मीही म्हटलं.”

काका पोट धरून हसला. “मग झालं तर! पुरुष असतीस तर सुंतेची सुरी लागली असती, तुझं थोडक्यात निभावलं. सात दिवस घरात खमीर ठेवू नकोस, बस्स.”

आत यरूशाकाकू दळत होती. जात्याची घरघर एकदम थांबली.

दुपारपर्यंत बायका अरीशतच्या दारात.

“एवढी काय घाई आहे? पुढच्या वर्षी बस.”

“कडू भाजी असते हो जेवणात. तुला सोसायची नाही.”

“आणि यंदाची कोकरं अगदीच हडकुळी!”

अरीशत ऐकून घेत होती. शेवटी यरूशाकाकूचा धीर सुटला. “अगं, तू आमच्यात आलीस तर आम्ही पीठ कुणाकडून आणायचं? त्यापेक्षा मडकं त्या ओढ्यापलीकडच्या गुहेत ठेव. आठवड्यानं घेऊन ये. कुणाला कळतंय?”

अरीशतला मोह झाला, अगदी जोराचा झाला. कोकरूही मिळणार होतं आणि आईही राहणार होती. ती होगलामावशीकडे गेली.

“मला विचारू नकोस,” मावशी खाली बघत म्हणाली. “मीही तुझ्याच मडक्यातलं खात आले. कोणत्या तोंडानं सांगू?”

 परतताना अरीशतनं ओढ्यापलीकडे नजर टाकली. मडकं तिथं गेलं, तर आपला जीवही सातही दिवस तिथंच राहणार, हे तिला पक्कं कळलं.

सणाच्या सकाळी वेशीवर आग पेटली. बायका नेहमीसारख्या हसतखिदळत आपापले गोळे फेकत होत्या. अरीशत मडकं छातीशी धरून आली, तशा सगळ्या बाजूला सरल्या.

“थांब गं,” यरूशाकाकू पुटपुटली.

अरीशतनं मडकं उपडं केलं. पीठ चरचरलं, फुगलं आणि करपलं. क्षणभर सिदोनच्या चुलीचा वास सुटला. ती तिथंच मोठ्यानं रडली. तिला आईची फार आठवण येत होती, आणि आता त्या आठवणीला रोज पीठ घालता येणार नव्हतं.

संध्याकाळी मावशीच्या घराचं दार लागलं, तेव्हा ती आत होती. पूर्वज त्या रात्री निघाले तसं कंबर बांधून, पायांत चपला घालून सगळ्यांसारखी घाईघाईनं जेवली. कोकरू खरंच हडकुळं निघालं, कडू भाजीनं डोळ्यांत पाणी आलं, आणि मावशीनं तिच्या तोंडाकडे बघून हसता हसता भाकरीचा घास सांडला. तो हसण्याचा आवाज आज बाहेर वेशीपर्यंत गेला असणार.

सण संपला आणि गावाची फजिती सुरू झाली. घरोघरी पीठ कालवलेलं, पण फुगायचं नाव नाही. पुरुष चपट्या भाकरी चावत विचारू लागले, “यंदा देव रागावलाय की काय?” बायका एकमेकींकडे बघायच्या आणि तोंड मिटून घ्यायच्या. अरीशतचं पीठही थंडगार पडून होतं.

मग एका सकाळी यरूशाकाकू दारात उभी. या खेपेला वाडगं ओढणीखाली नव्हतं. ते तिनं दोन्ही हातांनी पुढे धरलं होतं आणि त्यात खमिराचा गोळा बुडबुडत होता.

“सगळ्यांत आधी माझंच आलं,” ती म्हणाली. “चुलीशेजारी घेऊन झोपले होते. घे.”

 या दारातून पीठ नेहमी बाहेरच गेलं होतं.

“तुझ्या आईचं नाही ते, ठाऊक आहे मला,” काकू म्हणाली. “पण आंबट चांगलं आहे. रोज खाऊ घालत जा. आणि मेलंच, तर लाजू नकोस. ये माझ्याकडे कांदे मागायला.”